मावशीच्या हातचं पाणी

रस्त्यावर उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मैत्रिणी वळसा घालून जायच्या आणि मी मुद्दाम त्यावर पाय देऊन दाखवायची. असलं काही लिहायची पाळी माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं... हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी अमरावतीत केमिस्ट्रीत पीएच.डी. करते. माझं काम पाण्यातलं शिसं शोधणारे सेन्सर बनवायचं. बोटाएवढी पट्टी, तिच्या टोकाला कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिशय बारीक नळ्यांचा, काळा थर. पट्टी पाण्यात बुडवून छोट्या मशीनला जोडायची. शिसं कणभर असलं तरी लॅपटॉपवरच्या रेषेत ठरलेल्या जागी टेकडी उठते. नसलं तर रेष सपाट.

मागच्या उन्हाळ्यात हे सगळं घेऊन मावशीकडे गेले. अकोल्याकडचं खारपाणपट्ट्यातलं गाव, भाजीपाल्याची शेती, अंगणात बोअर. मावशीने गडवाभर, म्हणजे तांब्याभर, पाणी आणून दिलं. पट्टी बुडवली आणि ही एवढी टेकडी! माझा संशय सरळ गडव्यावर. जुनं पितळ, त्यात बुडाची गळती बुजवायला डाग दिलेला, शिसं तिथूनच सुटत असणार. मग वहिनीने, मावशीच्या सुनेने, धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत पाणी आणलं. रेष सपाट. सापडला चोर! मी गडवा माळ्यावर टाकायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाटली मावशीने भरली. टेकडी.

तिला साबणाने हात धुवायला लावले, बांगड्या काढायला लावल्या, माझे ग्लोव्हज घालायला दिले. दरवेळी नवी पट्टी. तरी टेकडी. तेच ग्लोव्हज घालून वहिनीने भरलं तर सपाट.

"काहून वं," मावशी पदराला हात पुसत म्हणाली, "माया हाताले असं काय झालं?"

ती हसत होती. मी मात्र आणखी एक नवी पट्टी काढली.

दोघींच्या बाटल्या मी मोठ्या लॅबला पाठवल्या. दोन्ही स्वच्छ. गाईड सर म्हणाले, पट्ट्या खराब असतील. पण मग त्या वहिनीच्या पाण्यात का नाही खराब झाल्या? शेवटी मावशीला अकोल्याला नेऊन रक्त तपासलं. शिसं नाही, किडन्या ठणठणीत. डॉक्टर वैतागले. "मॅडम, पेशंट नॉर्मल आहे. तुमच्या मशीनवर मी काय इलाज करू?"

बरोबरच होतं त्यांचं. मी मावशीला घरी सोडून आले.

दिवाळीत तिचे पाय सुजले. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. शिसं किडन्या निकामी करतं, हे वाक्य मी स्वतः पोस्टरवर छापून मिरवलेलं. पुन्हा रक्त तपासलं... शिसं नाहीच! मी डॉक्टरांवर ओरडले, नर्सवर ओरडले, वहिनीवर उगीचच ओरडले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे.

"तुया मशीनले पयलेच समजलं होतं वं," मावशी पडल्या पडल्या म्हणाली. "पण समजून बी काय केलं त्यानं?"

संक्रांतीच्या आधी ती गेली.

आई तिची धाकटी बहीण. हे सगळं तिने पाहिलंय, पण विषय कधी काढला नाही. गेल्या आठवड्यात मी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्ट्या तपासत बसले होते. आईने माठातून ग्लास भरला आणि माझ्यासमोर ठेवला.

"लाव तुयं मशीन. मले बी पाहू दे एकदा."

पट्टी माझ्या हातातच होती. मशीन चालू होतं. बुडवायचा अवकाश!

मी ग्लास उचलला आणि गटागटा पिऊन टाकला.

"आता कसं समजन मले?" आई चिडून म्हणाली.

मी रिकामा ग्लास धुवून पालथा घातला. पट्ट्या, पाणी, रक्त, सगळं तपासून झालंय. तुमच्यापैकी कुणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा.

आई आता रोज सकाळी ग्लास आणून माझ्यासमोर ठेवते आणि तिथेच उभी राहते. मी रोज पिऊन टाकते.