डाव्या हाताचं अक्षर

आनंदराज वीस वर्षं हदगाव भागात वायरमन होता. अंधारातही विजेचा कुठला डांब कुणाच्या बांधावर आहे, ते त्याला सांगता यायचं. तीन वर्षांपूर्वी लाईन बंद आहे म्हणून तो घाईत वर चढला. तारा आधी जमिनीशी जोडून घ्यायच्या असतात, ते त्या दिवशी राहिलं. कुठल्याशा जनरेटरचा करंट उलटा आला आणि उजवा हात मनगटापासून गेला.

जीव वाचला, नोकरीही राहिली. आता तो कार्यालयात तक्रारीचे फोन घ्यायचा. नाव, गाव, तक्रार डाव्या हातानं लिहायचा. उजवी बाही मात्र कायम टेबलाखाली. घरी बायको विशाखा बोलली की हाव नाहीतर न्हाई, एवढंच.

मुलगी लुंबिनी लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होती. तिथल्या पालक मेळाव्यात सरांनी प्रत्येकाला एक कागद दिला. वर छापलेलं होतं, ‘मी कशासाठी जगतो?’ खाली चार रेघा. आईबापांनी आपला लिहायचा, लेकरांनी आपला, आणि मग एकमेकांना वाचून दाखवायचा. आनंदराजनं तो घडी घालून घरी आणला आणि आठ दिवसांनी लिहिलं, ‘मुलीला डॉक्टर करणे.’ फोनवर तिला वाचूनही दाखवलं.

लुंबिनी म्हणाली, “पप्पा, हे तर माझं झालं. तुमचं काय?”

“माझं आता काय राहिलंय, बाई?”

“मला न्हाई माहीत. पण खोडा ते.”

त्यानं खोडलं. पुढं काही सुचेना. कागद कपाटावर पडून राहिला.

श्रावणात एकदा जोराचं वारं सुटलं आणि सकाळपासून फोन वाजत राहिले. त्यात एका बाईचा फोन आला. नाव धोंडाबाई. सोयाबीनमध्ये तार तुटून पडली होती.

“वायरमन दुसऱ्या गावाला गेलाय, बाई. तासाभरात येतो.”

“आमचे मालक म्हणून राहिलेत, लाईन तर गेलेलीच हाय, मीच वढून बाजूला टाकतो.”

आनंदराज खुर्चीतून उठला. “मालकांना फोन द्या. आधी द्या.”

तिचा नवरा सटवाजी फोनवर आला. आनंदराज म्हणाला, “दादा, तारेपासून लांब व्हा. लाईन गेली म्हणून मी बी हात लावला होता. तो हात आता न्हाई.”

मग सटवाजी हळूच म्हणाला, “बरं. थांबतो.”

वायरमन पोचेपर्यंत आनंदराजनं त्याला बोलतं ठेवलं. पेरणी कधी केली, बैल कोणते, लेकरं किती. त्या तारेत करंट होता की नव्हता, ते कुणालाच कळलं नाही. पण फोन ठेवल्यावर आनंदराजच्या लक्षात आलं, गेल्या तीन वर्षांत आपण हे पहिल्यांदाच तोंडानं बोललो.

त्या संध्याकाळी त्यानं कागद काढला. पहिलीतल्या पोरासारखं वाकडंतिकडं अक्षर, पण थांबला नाही. ‘लाईन गेली म्हणून कुणी तारेला हात लावू नये, हे मी गावोगाव सांगणार. चूक माझी होती, ते बी सांगणार.’

विशाखानं वाचलं. दुसऱ्या ओळीतलं तिला आजवर माहीत नव्हतं. त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसली.

लुंबिनीला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, “पुन्हा वाचा.” त्यानं पुन्हा वाचलं. “तू काय लिहिलं?” त्यानं विचारलं.

“काहीच न्हाई अजून.”

“सावकाश लिही. डॉक्टरच लिहायला पाहिजे असं काही न्हाई.”

ती फोनवर रडली असावी. त्यानं विचारलं नाही.

आता सुट्टीच्या दिवशी तो एसटीनं एखाद्या गावाला जातो. पारावर माणसं जमतात, कधी पंधरा, कधी चारच. तो बाही वर करून सगळं सांगतो. एका गावात सांगून झाल्यावर एक म्हातारी त्याच्याकडं बघत म्हणाली, “दुखतं का रे अजून?”

तो म्हणाला, “थंडीत दुखतं, माय.”

“बस जरा,” ती म्हणाली, आणि सरकून तिनं त्याला शेजारी जागा करून दिली.