बोलाची कथडी

गोधडीला आमच्याकडे कथडी म्हणतात. माणूस गेलं की त्याच्या कपड्यांची कथडी शिवायची आणि ती लेकीला द्यायची, ही आमच्या गल्लीची रीत. रिसोडच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. शेजारच्या गावात ही रीत नाही. तिथल्या सोयरिकी जुळल्या की नव्या सुना आमच्याकडे टकामका बघतात, की मेलेल्या माणसाचे कपडे ठेवतात कायले हे लोक.

तेरवी होते, पाहुणे जातात, मांडवाचे बांबू निघतात. मग दुपारची कामं आवरून गल्लीतल्या बायका देवळाच्या ओट्यावर जमतात. कपडे फाडतात, तुकडे जुळवतात, खाली एखादं जुनं धोतर अंथरतात आणि चारी बाजूंनी शिवायला बसतात. नियम एकच आहे. टाक्याबरोबर बोल घालायचा. बोल म्हणजे गेलेल्या माणसाची एखादी आठवण, हातातल्या त्या तुकड्याला धरून सांगितलेली. हे नेसून ती बाजाराला गेली आणि चप्पल हरवून आली, असं काहीतरी. मुकाट्यानं घातलेला टाका म्हातारी बाई उसवायला लावते. त्यामुळे बायका शिवत राहतात, बोलत राहतात, मधेच कुणीतरी हुंदका देते, मधेच सगळ्या खो खो हसतात, आणि चार-सहा दुपारींत कथडी तयार होते. आमच्याकडे माणूस स्मशानात जळतं पण खरं जातं ते कथडी शिवून झाल्यावर, असं माझी आई म्हणायची.

आई त्या ओट्यावरची पाटलीण होती म्हणा ना. टाका असा बारीक की सुई कुठून गेली ते शोधावं लागे, आणि बोल असा की मेलेलं माणूस उठून शेजारी बसावं. मी लहान असताना तिच्या मांडीला मांडी लावून बसत असे, सुईत दोरा ओवून देत असे.

त्यातली एक दुपार माझ्या पक्की ध्यानात आहे. गल्लीतली सुतारकाकू गेली होती. तिची मुलगी माझ्याच वयाची, माझ्याबरोबर खेळणारी. ती समोर गप्प बसली होती. आईनं एक तुकडा उचलला, हळदीच्या रंगाचा, काळ्या काठाचा. मी म्हटलं, "आई, आपल्याकडंबी असंच होतं ना?" तर आईनं कथडीच्या खालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. आणि चेहरा अजिबात न हलवता ती त्या पोरीकडे बघून म्हणाली, "हे नेसून तुही माय नागपंचमीले झोक्यावर बसली होती. खाली उतराचं नावच नोये." ती पोरगी पहिल्यांदा हसली. मला वाटलं, मोठ्यांच्या मधे बोलले म्हणून चिमटा बसला.

आई मागच्या वर्षी गेली. सोयाबीनची काढणी चालू होती, घरोघरी माणसं शेतात, तरी सगळं गाव आलं. मी वाशीमला असते, शाळेत शिकवते. तिसरा दिवस झाल्यावर मला परत यावं लागलं. घरी पोचल्या पोचल्या मी दादाला फोन केला आणि सांगितलं की आईची लुगडी हलवू नका, कथडी करायची आहे. दादानं मला ते परत सांगायला लावलं. मग म्हणाला, "हाव, हायेत पेटीत."

तेरवीनंतर आम्ही ओट्यावर बसलो. वहिनीनं लुगड्यांचं बोचकं आणून ठेवलं. मी ते सोडलं आणि खरं सांगायचं तर मला त्यातलं एकही ओळखू आलं नाही. पण सासरी वर्षं काढलेल्या लेकीला आईची सगळी लुगडी कुठे पाठ असतात? मी फक्त एकच विचारलं, की मी मागच्या दिवाळीला घेतलेलं जांभळं यात का नाही. वहिनी सुईत दोरा ओवत होती. "ते त्यायनं कोनाले तरी देऊन टाकलं," ती म्हणाली. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना.

मग बोल सुरू झाले. समोरच्या घरातली मावशी, आईची जन्माची सोबतीण, तिनं निळा तुकडा हातात घेतला. माझ्या पहिल्या बाळंतपणाला आई हे नेसून रिसोडच्या दवाखान्यात रात्रभर उभी होती, नर्सनं बस म्हटलं तरी बसली नाही, असं ती सांगत गेली आणि मी त्या निळ्या तुकड्यात तोंड खुपसून रडले. लाल ठिपक्यांचं लुगडं दादाच्या लग्नातलं निघालं. मातकट रंगाचं निंदणातलं, त्याला अजून मातीचा वास येतो असं कुणीतरी म्हणालं. मला तो वास आला. सगळ्या रडल्या, सगळ्या हसल्या, आणि मला वाटलं की आईची कथडी आईला शोभेल अशीच होतेय.

वर्षभर मी तीच पांघरली. नवऱ्याला हात लावू दिला नाही. धुतली नाही, कारण आईचा वास जाईल. शाळेतून दमून आलं की त्या निळ्या तुकड्यावर गाल ठेवायचा आणि पाच मिनिटं पडायचं, एवढाच माझा देवधर्म होता.

वर्षश्राद्धाला मी ती बरोबर नेली. सकाळी उन्हात टाकावी म्हणून अंगणाच्या भिंतीवर पसरली. मावशीची धाकटी सून कडेवर जावेचं पोर घेऊन आली होती, नवीच, गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. ती निळ्या तुकड्यापाशी थांबली, काठ हातात घेऊन बघितला आणि अगदी सहज म्हणाली, "हे तं आमच्या सासूबाईचं लुगडं हाय. जाऊबाईच्या साक्षगंधाच्या फोटोत हेच नेसल्या हायेत त्या."

मागे वहिनी उभी होती. तिचा चेहरा बघितला आणि मला पुढचं काही विचारायची गरजच उरली नाही. तरी मी विचारलं. मला सगळं तिच्या तोंडून हवं होतं.

झालं असं होतं. मी वाशीमला निघाले त्याच दिवशी दादानं अंगणातल्या वळणीवर वाळणारी लुगडी पाहिली आणि काढ हे माझ्या डोळ्यासमोरून, म्हणाला. दुपारी भांडेवाली आली. वहिनीनं पेटी तिच्यापुढे रिकामी केली, जांभळ्यासकट, आणि एक स्टीलचा गंज, म्हणजे उभं पातेलं, घेतला. संध्याकाळी माझा फोन आला. दादाचं तोंड उतरलं, वहिनी रडकुंडीला आली आणि धावत मावशीकडे गेली. मावशीनं गल्लीतल्या बायकांना बोलावलं. जिच्या तिच्या पेटीतून एकेक जुनं लुगडं निघालं.

"तो गंज कोणता?" मी विचारलं.

वहिनीनं मान खाली घातली. त्या सकाळी मी चुलीशी बसून पोहे खाल्ले होते, त्यांना पाणी त्याच गंजातून घातलं होतं.

मला लुगडी गेल्याचं एवढं दुःख नव्हतं. दादाचं मी समजू शकते. गेलेल्या माणसाचे कपडे वळणीवर हलताना बघणं सोपं नसतं. वहिनीची तर गंमतच आहे, बिचारी गंज घेऊन फसली. पण ओट्यावर बसलेल्या सगळ्या! मी मधे बसून छाती पिटत होते आणि माझ्या भोवती बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं की हे लुगडं कोणाचं आहे. आपल्याच लुगड्याचा तुकडा हातात धरून, माझ्या डोळ्यात डोळे घालून, आईचं नाव घेऊन बोल घालत होत्या. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी ऐकलं होतं, बोलाची कथडी मला माझ्या माणसांनी पांघरायला दिली. आणि माझं नाक बघा. सख्खं नाक. वर्षभर मावशीच्या पेटीतल्या डांबरगोळीला आईचा वास म्हणत होतं.

कथडी गोळा केली आणि तशीच मावशीच्या दारात गेले. ती वाल सोलत बसली होती. कथडी तिच्या पुढ्यात टाकली. म्हटलं, तुमचं तुम्ही ओळखून घ्या, मला परक्याच्या चिंध्या नकोत. आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहीत नाही. शाळेतल्या पोरांना मी ज्या शब्दांसाठी उभं करते तसले शब्द होते.

मावशी ऐकून घेत राहिली. तिनं माफी मागितली नाही, याचा मला जास्त राग आला. ती एवढंच म्हणाली की दवाखान्यातली गोष्ट खरी आहे, लुगडं तेवढं दुसरं.

"मले सांगाचं होतं," मी म्हटलं. "मी रिकाम्या हातानं रडली असती."

"रिकाम्या हातानं कोनाले रडता येत नाई, बाई," ती म्हणाली. "हे आमाले कोनं शिकवलं? तुह्या मायनंच."

आणि मग तिनं सुतारकाकूचं सांगितलं. काकूला मोठा आजार झाला होता. घरच्यांनी भीतीपोटी तिचा चिंधीन् चिंधी कपडा जाळला होता. आईला हे कळलं तेव्हा तिनं आपली पेटी उघडली, हळदीच्या रंगाचं, काळ्या काठाचं नवंकोरं लुगडं काढलं आणि फाडलं. मग बाकीच्या बायकांना म्हणाली, पोरीपुढे तोंड बंद ठेवायचं आणि बोल मोकळा ठेवायचा. त्यानंतर आणखी दोन-तीन वेळा असंच झालं, कुणाकुणासाठी, ते मावशीनं सांगितलं पण मी ऐकत नव्हते. माझी मांडी दुखायला लागली होती.

म्हणजे मुळात फसवायला शिकवणारी माझीच आई. आणि मला, दोरा ओवून देणाऱ्या तिच्या पोटच्या पोरीला, तिनं जन्मात सांगितलं नाही. चिमटा काढला आणि गप्प बसवलं.

परतीच्या बसमध्ये मी कथडी नेली नाही. पण डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आईचं एक तरी लुगडं या जगात शिल्लक आहे. भांडेवालीला न मिळालेलं. ते आमच्या वाशीमजवळच्या मालेगावात आहे, सुतारकाकूच्या लेकीच्या घरी, कारण ती तिथंच दिली आहे आणि कथडी तिच्या लग्नात तिच्याबरोबर गेली होती, हे मी स्वतः पाहिलं होतं.

पुढच्या रविवारी मी मालेगावची बस धरली. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. सांगायचं की बाई, तुलाही फसवलं, मलाही फसवलं. तो हळदीचा तुकडा माझ्या आईचा आहे, तेवढा उसवून मला दे. आपण दोघी मिळून त्या गल्लीच्या नावानं बोटं मोडू. मला कुणीतरी माझ्यासारखंच फसलेलं हवं होतं. एकटीनं फसणं फार वाईट.

ती मला बघून हरखली. कितीतरी वर्षांनी भेटत होतो. केस पिकलेले, हातात बांगड्या त्याच आवाजाच्या. चहा झाला, सुनेची तक्रार झाली, गुडघ्यांचं झालं. मग मी विचारलं, तुझ्या आईची कथडी आहे का अजून.

ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि पेटीतून ती दोन्ही हातांवर आडवी घेऊन आली. कापड विरलं होतं. जागोजाग तिनं ठिगळं लावली होती, पण तो तुकडा मधोमध होता. हळद फिकी होऊन पिठासारखी झाली होती, काठ मात्र काळाभोर. आणि काठाशी आईचा टाका, सुई कुठून गेली ते न कळणारा. मी त्याला नाक लावलं. काही वास आला नाही. मला तर वाटलं होतं भडभडून येईल.

ती माझ्याकडे बघत होती. "वास येते ना वं अजून मायचा?" ती म्हणाली. "मी कदीमदी घेऊन बसते. मले तिचं तोंडबी आता धड आठवत नाई. हे कोनतं लुगडं, कवाचं, तुह्या मायनं सांगितलं होतं, पन तेबी इसरली मी. तुले आठवते का?"

मी तिच्यावर रागावायला आले नव्हते. पण राग तर होता, आणि जुळवून आणलेलं वाक्यही तयार होतं. मांडीला चिमटा बसल्यासारखं झालं. मेलेल्या बाईची बोटं एवढी लांब पोचतात, हे मला माहीत नव्हतं.

"नागपंचमीचं," मी म्हटलं. "हे नेसून झोक्यावर बसली होती तुही माय. खाली उतराचं नावच नोये."

ती हसली. तशीच, ओट्यावर हसली होती तशी. मग तिनं डोळे पुसले, कथडीची घडी घातली आणि माझ्या आईचं लुगडं आपल्या आईचं म्हणून पेटीत ठेवून दिलं.