दुसरा प्रॉम्प्टर

कुजबुजे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. नाटक कंपनीत विंगेत उभं राहायचं आणि नट वाक्य विसरला की ते हळूच त्याच्या कानावर घालायचं, हे त्यांचं काम. त्यावरून कोणीतरी कधीतरी ठेवलेलं हे नाव इतकं चिकटलं, की घरी येणारा टपालवालासुद्धा "कुजबुजे इथेच राहतात ना?" असं विचारायचा. कुजबुज्यांना तेही खटकायचं. टपालवाल्याला हे सांगितलं कोणी?

संशय त्यांच्या हाडीमाशी खिळलेला होता. दोघं जण हसताना दिसले की विषय आपलाच चालला असणार, याची त्यांना खात्री असायची. घरचा चहासुद्धा ते आधी हुंगायचे आणि मग प्यायचे. बायको म्हणायची, "आरशात बघतानासुद्धा हे आधी मागे कोण उभं आहे ते बघतात." यात तिने पदरचं काही घातलेलं नव्हतं.

विंगेत मात्र हा माणूस हिरा होता. नट अडखळायच्या आधीच त्याचा श्वास कुठे अडकतोय हे त्यांना कळायचं. आधी अगदी हलकेच घसा खाकरायचे, मग शब्द द्यायचे. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालाही तो कधी ऐकू गेला नाही. उभा जन्म बोलण्यात गेला आणि आवाज कोणाला माहीत नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही.

कंपनीच्या मुख्य नटीला सगळे बाई म्हणत. बाईंचं आता वय झालं होतं. नाटक त्यांच्या नावावर चालायचं आणि त्यांची स्मरणशक्ती कुजबुज्यांच्या भरवशावर. एकदा प्रयोग संपल्यावर बाई तणतणतच विंगेत आल्या.

"अहो कुजबुजे, 'पहाट' काय म्हणता? दाराशी पहारा असतो, पहाट नव्हे. तोंडघशी पडले असते मी."

"मी 'पहारा'च म्हटलं, बाई." कुजबुज्यांनी संहितेतल्या शब्दावर बोट ठेवलं.

"मग मी काय बहिरी आहे?"

कुजबुज्यांनी संहिता मिटली. पण आपण 'पहाट' म्हटलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग म्हटलं कोणी?

पुढे एका दुपारच्या प्रयोगाला कुजबुज्यांचा घसा पार बसला. सुट्टी मागायचा धीर झाला नाही, कारण मालक हल्ली येताजाता म्हणत, "आता प्रॉम्प्टर कोण ठेवतं हो?" तेव्हा ते तसेच उभे राहिले. शेवटच्या अंकात बाई अडल्या आणि त्यांनी विंगेकडे बघितलं. कुजबुज्यांनी तोंड उघडलं, पण आवाज सोडा, धड वाराही बाहेर पडेना. आता सगळं संपलं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात बाईंनी अख्खं वाक्य खणखणीत म्हटलं. प्रयोगानंतर वर म्हणाल्या, "आज छान दिलेत हो शब्द. घशाला औषध घ्या तेवढं, फार खाकरत होतात."

कुजबुज्यांच्या मनात पाल चुकचुकली. खाकरण्याइतकासुद्धा आवाज त्यांच्याजवळ नव्हता. म्हणजे या थिएटरात दुसरा प्रॉम्प्टर होता. मालकांनी गुपचूप आणलेला, आणि त्यांची नक्कल करणारा. कुठेतरी पाणी मुरत होतं. विंग गेली तर आपण उरतो काय, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना.

मेकअपवाल्याचं म्हणणं वेगळंच होतं. "पूर्वीचा प्रॉम्प्टर याच विंगेत बसल्या जागी गेला. त्याचाच जीव घोटाळतोय इथे."

"मेलेल्याला नोकरी कशाला लागते?" कुजबुजे म्हणाले. भुतांवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण विश्वास असा कोणावरच नव्हता.

शेवटी त्यांनी मेहुण्याला गाठलं. बायकोचा हा धाकटा भाऊ कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा.

"दाजी, जाणीव म्हणजे नेमकं काय, यावरच अजून एकमत नाही," मेहुणा चहा ढवळत म्हणाला. "काही म्हणतात, ती मेंदूत तयारच होत नाही. ती बाहेर सगळीकडे आहे, मेंदू रेडिओसारखा ती पकडतो. तसं असेल, तर तुमच्या मनातला शब्द बाईंनी परस्पर पकडला."

"म्हणजे माझ्या मनातलं कोणीही ऐकू शकतं?" कुजबुज्यांचा चेहरा उतरला. त्यांना भूत परवडलं असतं.

"मला नाही पटत ते. पुरावा कुठे आहे? दुसरे म्हणतात, मेंदू ऐकतो कमी आणि अंदाज बांधतो जास्त. पुढे काय येणार ते तो आधीच मांडून ठेवतो. बाहेरून काही आलंच नाही, तर आपलाच अंदाज ऐकतो. गेलेल्या माणसाची पावलं, रिकाम्या खोलीतली हाक, यातलं बरंचसं असंच असेल. बाई तुम्हाला इतकी वर्षं ऐकतायत. त्यांच्या डोक्यात तुम्ही तयार बसलेले आहात."

"मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आम्हाला शाळेतच शिकवलं होतं," बायको म्हणाली. "एवढ्यासाठी तुला कॉलेज लागलं होय रे?"

मेहुणा हसला. कुजबुजे हसले नाहीत. उत्तर फारच सोयीचं होतं, आणि मेहुण्याची मालकांशी ओळख तर नाही ना, हे बघायला हवं होतं.

मग एक दिवस तालमीच्या आधी बाईंनी त्यांना चष्मा आणायला आपल्या खोलीत पाठवलं. चष्म्याशेजारी एक लहानशी डबी उघडी पडली होती. आत कातडीच्या रंगाचं, कानामागे बसेल असं एक यंत्र होतं. कुजबुजे बघतच राहिले. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती म्हण इथे अक्षरशः डबीत बसली होती. आपल्या जागी मालकांनी काय आणलं, ते आता कळलं.

चष्मा येईना म्हणून बाई स्वतःच आल्या. कुजबुज्यांनी डबी पुढे केली.

"यातून कोण बोलतं, बाई?"

"काय म्हणालात?"

"मालकांनी कोणाला ठेवलंय? नाव तेवढं सांगा. मी भांडणार नाही."

बाईंनी दार लावून घेतलं. "मोठ्याने बोला, कुजबुजे."

या इमारतीत ते कधी मोठ्याने बोलले नव्हते. पण ते बोलले. आवाज चिरका निघाला, आणि त्यांचे डोळे भरून आले. बाईंनी डबीतलं यंत्र काढून कानाला लावलं.

"यातून कोणी बोलत नाही. यातून ऐकतात. मला ऐकू येत नाही हो."

"पण स्टेजवर तर..."

"स्टेजवर सगळे ओरडूनच बोलतात, ते कळतं. कुजबूज गेली, केव्हाच गेली. आणि हे लावून उभं राहिलं की शिट्टी वाजते, म्हणून काढून ठेवते."

कुजबुज्यांनी रिकामी डबी खाली ठेवली. "म्हणजे मी इतकी वर्षं भिंतीशी बोलतोय?"

"मी अडते. विंगेकडे बघते. तुम्ही दिसता, आणि तुमचा आवाज येतो. आधी खाकरता, मग शब्द देता. मला वाटायचं, कान अजून थोडा शिल्लक आहे. डॉक्टर म्हणाले, कुजबूज ऐकण्याइतका नाही. म्हणजे मी ऐकते ते आतलंच." बाईंनी एकदा दाराकडे बघितलं. "मालकांना कळलं तर मला घरी बसवतील. तुम्हाला सांगितलं, कारण तुमचा कोणावरच विश्वास नाही. तुम्ही कोणाला सांगणार?"

मेहुण्याचं खरं निघालं होतं, याचं कुजबुज्यांना वाईट वाटलं. पण जित्याची खोड अशी सुटत नाही. घरी जाताना त्यांच्या डोक्यात आलं, बाई ओठ वाचत असतील तर?

पुढच्या प्रयोगाला बाई नेमक्या त्याच जागी अडल्या. त्यांनी विंगेकडे बघितलं. कुजबुज्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. शिवाय ते रेडिओचं उगाच काही निघायला नको, म्हणून मनात वाक्य न आणता एकोणतीसचा पाढा म्हणत होते. थिएटर शांत झालं. आपण हे काय करून बसलो, एका खोडीपायी या बाईंची लाज घालवतो आहोत, असं वाटून त्यांना स्वतःची किळस आली. ओठ उघडणार, तोच बाईंनी मान किंचित हलवली, शब्द मिळाल्यावर हलवायच्या तशी, आणि वाक्य पुरं केलं. पाढा नव्हे, वाक्य.

आत येताना त्या क्षणभर थांबल्या. "आज खाकरणं जरा जास्तच झालं हं, कुजबुजे."

कुजबुजे विंगेतच उभे राहिले. जगात एक जागा अशी होती, जिथे त्यांचा आवाज ते गप्प असतानाही ऐकला जात होता. त्यांना रडू आलं, आणि कोणी बघतंय का हे बघायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

घरी बायकोने चहा पुढे ठेवला. "सापडला का मग तुमचा तो दुसरा प्रॉम्प्टर?"

"सापडला."

"कसा आहे?" आता त्याच्या खोडींचा पाढा सुरू होणार, म्हणून ती पदर खोचून बसली.

कुजबुज्यांनी चहा न हुंगताच एक घोट घेतला.

"भरवशाचा आहे," ते म्हणाले.