डोंगराआडच्या कुरडया

सिॲटलच्या बाजूचा पाऊस मोठा नसतो, पण भारी चिवट! पावसाने माणसं घरात बसतात, घरात बसली की चहा होतो आणि चहा झाला की किस्से निघतात. आमच्या लिनवूडच्या मराठी ग्रुपकडे आता इतके साठलेत, की नवीन ऐकायला कुणाला वेळ नाही. पण श्रीकांतच्या आईंचे, म्हणजे आमच्या काकूंचे, कितीही वेळा सांगा!

*

काकू जळगावहून एप्रिलमध्ये आल्या. जूनमध्ये नातीचं, श्रीकांतच्या रियाचं, लग्न होतं. बॅग उघडली तर सगळ्यात वर पितळी सोऱ्या!

"रुखवतात माझ्या हातच्या, उन्हात वाळलेल्या कुरडया पाहिजेत."

"आई, इंडियन स्टोअरमध्ये मिळतात गं," श्रीकांत म्हणाला.

"घरातल्या एकूण एक पोरीच्या रुखवतात मी घातल्यात. हिच्याच नशिबी पाकीट का रे?"

श्रीकांत गहू आणायला निघाला.

*

पहिला घाणा डेकवर घातला. सकाळी काय ऊन होतं! काकू खुशीत चहाला आत आल्या, कप खाली ठेवला आणि बाहेर पाऊस. कुरडयांचा परत चीक झाला.

दुसरा घाणा श्रीकांतने ओव्हनमध्ये घातला. इंजिनिअर ना तो! काकूंनी एक तपकिरी कुरडई उचलून वास घेतला.

"बिस्किटं बरी झालीत. चहात बुडवून खा."

तिसरा गॅरेजमध्ये, पंखे लावून. त्याला बुरशी आली. त्या दिवशी मात्र काकू खरंच रडल्या, आणि इतके दिवस हसणारे आम्ही मुकाट पंखे आवरायला लागलो.

*

रियाची नोकरीच हवामानाचा अंदाज वर्तवण्याची. तिने टेबलावर मिसळणाचा डबा ठेवला.

"आजी, तुझी चूक नाही, माउंटनची आहे. हा डबा म्हणजे ऑलिंपिक पर्वत. इकडे पॅसिफिक. समुद्रावरून ओला वारा येतो, डोंगर चढताना थंड होतो आणि सगळं पाणी तिथेच सांडतो. बाकीचा वारा दोन्ही साइडने फिरून येतो आणि आपल्या घराच्या वर, एक्झॅक्टली वर, एकमेकांना धडकतो. म्हणून सिॲटलला ऊन असतं तेव्हासुद्धा इथे पाऊस!"

काकू लेकाकडे वळल्या. "घर घेताना वास्तू बघितलीस, वारा नाही बघितलास?"

मग त्यांनी डब्याच्या पलीकडे बोट ठेवलं. "आणि इथं, डोंगराच्या मागं?"

"तिथे स्क्विम. एकदम ड्राय! ईथनची ग्रँडमा तिथेच राहते."

ईथन म्हणजे होणारा जावई! आम्ही सगळे एकदमच ओरडलो. काकूंनी डोळे पुसले आणि गहू भिजत घालायला उठल्या.

*

मे महिन्यात माझ्या व्हॅनमध्ये सोऱ्या, चिकाची बादली, जुन्या चादरी, रिया आणि काकू, अशी वरात निघाली. फेरीबोटीवर रिमझिम, पुढे रस्त्यावरही रिमझिम. काकूंची नजर वायपरवरून हलेना.

आणि स्क्विमच्या जरा अलीकडे आभाळ निळं झालं!

"मिलिंद, गाडी थांबव!"

मी घाबरून ब्रेक मारला. काकूंनी खिडकीतून तळहात बाहेर काढला. "चटका आहे रे! चटका आहे!"

*

ईथनच्या आजीचं नाव मार्गारेट. तिच्या लॉनवर चादरी पसरल्या, तिच्याच स्वयंपाकघरात चीक शिजला. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी. पण सीगल घिरट्या घालायला लागले तशा दोघी खुर्च्या टाकून, हातात काठ्या घेऊन बसल्या. काय जोडी दिसत होती!

दुपारी डोंगरावर काळेकुट्ट ढग आले. काकू ताडकन उठल्या. "उचला! उचला!"

"उचला!" मार्गारेटही ओरडली. अर्थ तिला चेहऱ्यावरूनच कळला होता.

रिया आडवी आली. "आजी, वेट. ते ढग डोंगरावरच रिकामे होणार. ट्रस्ट मी."

"आणि इथं पडला तर?"

"तर रुखवतात पाकीट!"

काकू मटकन खाली बसल्या. आम्ही सगळे वर बघत उभे. ढग गडगडले, पसरले आणि तिथेच राहिले. एक थेंब नाही!

दुसऱ्या संध्याकाळी काकूंनी कुरडईचा कोपरा मोडला. कटकन आवाज झाला. त्यांनी रियाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

*

परत येताना खिडक्या बंद, हीटर फुल.

"काकू, आम्ही उकडलो!"

"उकडा. समुद्राची हवा आत नको."

*

लग्न लिनवूडच्या पार्कात, उघड्यावर. श्रीकांतने ते आधीच बुक केलं होतं आणि रिया नको नको म्हणत होती. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि वर दोन्हीकडचे वारे भेटले. बदाबदा पाऊस!

पळापळीत पहिला आवाज आला तो काकूंची पैठणी नेसलेल्या मार्गारेटचा. "उचला!"

सगळी वऱ्हाडी मंडळी रुखवताकडे धावली. एकुलत्या एका मोठ्या छत्रीखाली दोन्ही आज्या कुरडयांचं ताट छातीशी धरून उभ्या राहिल्या. बोहल्यावर नवरानवरी तेवढे उरले.

नखशिखांत भिजलेली रिया तिथूनच ओरडली, "आजी! आणि मी?"

काकूंनी ताटावर पदर ओढला.

"तू वाळशील गं!"