टेमघरचा कावळा ते अंजूरची ढोकरी

माझं आयुष्य बदललं ते एका मंगळवारी सकाळी, भिवंडीच्या टेमघरला आमच्या गच्चीवर, तोंडात ब्रश असताना. तारेवरच्या कावळ्याचा फोटो मी स्टेटसला टाकला होता, खाली 'हा पण एकटाच' असं लिहून. लगेच सायलीचं उत्तर आलं: "कावळा नाहीये तो, कोतवाल आहे. शेपटी बघ, टोकाला दुभंगलीये."

सायली माझ्या वर्गात होती, म्हणजे मी वर्गात होतो तोवर. दुसऱ्या वर्षी सरांनी हजेरीवरून बाहेर जायला सांगितलं, मी रागाने बाहेर गेलो तो परत गेलोच नाही. नंतरच्या सात महिन्यांत मी तिला सुप्रभातापासून दिवाळीपर्यंत सगळं पाठवून पाहिलं होतं. उत्तर आलं ते चुकलेल्या पक्ष्याला. ही मुलगी कॉलेजात दुर्बीण घेऊन यायची हे तेव्हा आठवलं, आणि चूळ भरायच्या आत मी पक्ष्यांचा फोटोग्राफर झालो.

कॅमेरा मामेभाऊ दिनेशचा. तो लग्नाचे फोटो काढतो. ट्रायपॉडच्या पायांवरची हळद अजून गेली नव्हती. "पाखरू पोज देनार न्हाय," तो म्हणाला, "आनि तुझा आवाज ऐकून तर तालुक्यात थांबनार न्हाय." नवशिक्यांनो, सामान जरूर उसनं घ्या, पण त्यासोबत येणारं भाषण घेऊ नका.

शनिवारी पहिला मुक्काम दापोडे. इथल्याच एका गोडाऊनमध्ये मी पार्सलं स्कॅन करतो, त्यामुळे प्रवासखर्च शून्य. तुम्ही येणार असाल तर सकाळी सातच्या आत या, नंतर कंटेनरही हलत नाहीत आणि तुम्हीही नाही. शिफ्ट सुटल्यावर समोरच्या गोडाऊनच्या पत्र्यावर एक दणकट पक्षी दिसला. मी ट्रायपॉड उघडला तोच तिथला वॉचमन आला.

"इधर फोटो मना है."

"चाचा, चिड़िया का निकाल रहा हूँ."

"चिड़िया छत पे बैठी है ना? छत कंपनी की है."

मी आवाज चढवला, त्याने शिट्टी वाजवली, पक्षी गेला. फोटो पाच, त्यातल्या चारात वॉचमनचा पंजा. पाचवा मी 'गरुड' लिहून टाकला. सायली: "घार." एकच शब्द, पण तिचा. तिथे मला या छंदाचं खरं तंत्र कळलं. नाव बरोबर लिहिलं तर ती गप्प, चुकलं तर ती हजर.

रविवारी अंजूर. भिवंडीतून शेअर रिक्षा मिळते, ड्रायव्हरच्या बाजूला बसलात तर अर्धं अंग रस्त्यावर ठेवायची तयारी हवी. भुर्जीपाव शहरातच खाऊन घ्या; पुढे एक चहाची टपरी, तीही मालक उठला तर. शेवटचं गोडाऊन संपलं की एकदम शेत आणि पलीकडे खाडी. बांधाशेजारी चिखलात मातीचं ढेकूळ दिसत होतं. त्याने मान वळवली तेव्हा मला कळलं की तो पक्षी आहे.

मी ट्रायपॉड रोवला आणि बसलो. पाऊण तास. एवढा वेळ मी परीक्षेलाही गप्प बसलेलो नाही. तो हलेना, मीही हलेना. मग मागून एक काका आले, लुंगी खोचून, आणि थेट माझ्या फ्रेमच्या कडेला बांधावर जाऊन उभे राहिले.

"मी हाय तिथवर धर," ते म्हणाले. "हा बांध माझा. भावानं सरकवलाय तो. नीट मोज."

अंजूरला तीन पायांवर काहीही उभं केलं की तुम्ही मोजणीवाले असता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"काका, बाजूला व्हा ना."

"होईन कशाला? कुनच्या पार्टीचा तू? भावानं पाठवलाय का?"

माझं डोकं फिरलं. मी असा ओरडलो की पलीकडच्या शेतातल्या बाईने वर पाहिलं. ढेकूळ उडालं, आणि उडताना पांढरंशुभ्र झालं. सगळे पंख पांढरे, आत लपवून ठेवलेले. माझं बोट बटणावर होतं, तेवढंच माझं कर्तृत्व.

काका स्क्रीनवर वाकले. "ढोकरी हाय ती," ते म्हणाले. "पाखरांसाठी आलास व्हय? मंग बोंबलतो कशाला? उद्या ये, हितंच असते. आनि भाऊ इचारायला आला तर सांग, मोजनी झाली."

घरी आलो. फोटो सुरेख होता, कोपऱ्यात काकांचं कोपर सोडलं तर. खाली 'बगळा' लिहिलं. सायली नक्की आली असती, दोन मिनिटांत. मी त्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसलो. पाऊण तास चिखलात बसून मी ढोकरीला बगळा म्हणणार होतो. पुसलं. 'ढोकरी, अंजूर' लिहून स्टेटसला टाकलं.

सायलीने पाहिलं. काही बोलली नाही. बोलायला मी जागाच ठेवली नव्हती. रात्री तीनदा स्टेटस उडवून 'बगळा' लिहून परत टाकावंसं वाटलं. नाही केलं, आणि स्वतःचा प्रचंड राग आला.

सोमवारी सकाळी मी कॅमेरा गळ्यात अडकवला. आई म्हणाली, "ड्युटी दुपारची ना? आणि फोन राहिला चार्जिंगला."

"राहू दे. वाजला की ढोकरी उडते," मी म्हणालो, आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.