ओढ्याकाठी वाळत घातलेलं लुगडं

२० एप्रिल १९६२. सकाळी उठून आधी लुगडं धुतलं. आदल्या दिवशी ट्रीयरमधली चर्चं पाहताना प्रत्येक तळघरातली धूळ माझ्या निऱ्यांनी गोळा केली होती.

ट्रीयर हे जर्मनीतल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती शहरांपैकी एक. तिथं रोमन लोकांची काळी वेस आहे. मधल्या काळात तिचं चर्च केलं, पुढे चर्च उतरवून पुन्हा वेस केली. इथले आर्चबिशप (कॅथलिकांचे मोठे धर्मगुरू) क्रूसाबरोबर तलवारही बाळगत आणि शेजारच्या काउंटांशी (सरदारांशी) जंगलांवरून, जकातीवरून लढत. आमच्या ह्यांना हे इतकं आवडलं की ते शहरातच राहिले. मी डोंगरातल्या खेड्यात, फ्राऊ आना नावाच्या बाईच्या घरी उतरले. तिथं निदान कपडे वाळत घालायला जागा होती.

अंगणाला लागून ओढा. तीच जुनी हद्द. अलीकडचं गाव आर्चबिशपचं, पलीकडचं काउंटचं. काउंट प्रॉटेस्टंट झाला तेव्हा त्याचं गावही प्रॉटेस्टंट झालं; अलीकडचं कॅथलिकच राहिलं. गावाला कोणी विचारलं नाही. आनाच्या मुलीचं, मारियाचं, पलीकडच्या सुताराशी जमलं होतं. त्याचा बाप फिलिप त्या दुपारी पहिल्यांदाच पूल ओलांडून बोलणी करायला येणार होता. तो परत फिरला तर सगळं संपलं, असं आना म्हणाली होती.

दुपारी गोठ्यातून येताना आनाला दोरीवरचं माझं लाल नऊवारी दिसलं आणि ती पायरीवरच बसली. मग कळलं. कारफ्रायटाग (येशूला क्रुसावर दिलं तो शुक्रवार) हा प्रॉटेस्टंटांचा मोठा दिवस. त्यांना डिवचायला अलीकडचे लोक नेमके त्या दिवशी कपडे वाळत घालतात. पलीकडचे मग फ्रोनलाइशनामला, कॅथलिकांच्या मिरवणुकीच्या दिवशी, शेणखताच्या गाड्या काढतात. यंदा मारियासाठी अलीकडच्या साऱ्या घरांनी दोऱ्या मोकळ्या ठेवल्या होत्या.

काळा कोट घातलेला फिलिप पुलावर उभा होता. पुढे येत नव्हता.

आना म्हणाली, काढा ते. मी म्हटलं, त्यानं पाहिलंय. आता लपवलं तर जास्त वाईट. मारियाला घेऊन मी पुलावर गेले. हॅम्बर्गला राहून माझं जर्मन बाजारापुरतं झालं आहे.

"कापड माझं आहे. मी हिंदू आहे. तुमचं भांडण मला आत्ताच कळलं."

"हिंदू आजच का धुतात?"

"रोज धुतात."

तो लुगड्याकडे बघत राहिला. "आल्झो, बरं तर," तो म्हणाला, "एवढं लांब कापड ह्या गावानंसुद्धा कधी वाळत घातलं नव्हतं."

मारिया रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, "शिव्या द्यायच्या तर मला इथंच द्या. तिनं तुमच्यासाठी केलेली कॉफी थंड होतेय."

"बापाच्या काळापासून मी त्यांच्या सणाला खत नेतोय," तो मारियाला म्हणाला. "सून ज्या मिरवणुकीत चालते तिच्यापुढून गाडी नेणं बरं दिसत नाही. लग्न त्या सणाआधी उरका, म्हणजे मला घरी बसायला निमित्त मिळेल."

आणि तो पूल ओलांडून आला.

संध्याकाळी हे आले आणि कोणत्या आर्चबिशपनं कोणता किल्ला घेतला ते सांगू लागले. मी तोवर लुगड्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारियाबरोबर बाजारात जाऊन लग्नाचं कापड घेतलं. त्यांच्याकडे नवरी पांढऱ्यात उभी राहते. आपल्याकडे तो रंग विधवेचा. कापड मात्र दोन्ही बाजूंनी तपासून घेतलं.