एडगरचं सिमेंट

आमच्या डेव्हन परगण्यात म्हणतात, मातीच्या घराला डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगले बूट असले की ते मालकाला पुरून उरतं. शेजारच्या थर्झामावशीच्या तीनशे वर्षांच्या शेतघराला दोन्ही होतं. वर गव्हाच्या काडाचं जाड छप्पर, खाली दगडी जोतं. मधल्या माती-पेंढ्याच्या भिंतींना ती दर मे महिन्यात स्वतः चुना फासायची, आणि फासताना अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतकी कुरकुरायची.

कुरकुरीला कंटाळून म्हणा नाहीतर मायेपोटी म्हणा, तिच्या नवऱ्याने, एडगरने, एका उन्हाळ्यात चारी भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला.

"घे, सुटलीस बाई! आता जन्मात चुन्याला हात लावू नकोस."

त्याच थंडीत तो गेला. ते त्याच्या हातचं शेवटचं काम. मावशी येता-जाता भिंतीवरून हात फिरवायची.

पण मातीच्या भिंतीला घाम येतो, आणि सिमेंटने त्याची बाहेर पडायची वाटच बुजवली. सहा वर्षांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बोट लावलं तर आत रुतायला लागलं. डेन्झिल गवंड्याने भिंत ठोकून पाहिली.

"मावशी, सगळं सिमेंट उतरवायला हवं. नाहीतर हिवाळ्यात छप्पर तुमच्या चहात पडेल."

"पडू दे. एडगरचा हात आहे तो."

"तेच तर! मेल्याने इतकं पक्कं केलंय की निघता निघणार नाही."

मावशीने त्याला घालवून दिलं. मला तिची काळजीही वाटत होती आणि रागही येत होता. शेवटी शेजारधर्म म्हणून मी गेले.

"मावशी, एडगरकाका असते तर काय केलं असतं?"

"आधी भांडला असता." तिने भिंतीवरून हात फिरवला. "मग हातोडा आणला असता."

हातोडा तिनेच आणला. पहिला घावही तिचाच. मोठा तुकडा गळून पडला, आणि आतली लाल माती दिसली, ओलीचिंब. मावशीने तिच्यावर तळवा टेकला आणि रडली.

भिंती उन्हाळाभर वाळल्या, डेन्झिलने त्यांतले खड्डे नव्या मातीने बुजवले. पुढच्या मे महिन्यात मावशी चुन्याची बादली घेऊन उभी.

"म्हणे सुटलीस! कसली सुटतेय, एडगर? ऐंशीव्या वर्षी लावलंस ना परत कामाला!"

मी माझी खिडकी उघडली आणि ती दमेपर्यंत ऐकत बसले.